बारा बाय नऊची गादी

१९ जुलै २०२४

ही डायरी चौकातल्या कृषी केंद्राच्या शेठने दिली. वर कापसाचं टपोरं बोंड, खाली औषधांच्या बाटल्यांची रांग. जुलैत डायरी वाटतो म्हणजे उरलेलीच असणार, पण फुकट ती फुकट. खातून म्हणाली, "दुकानमां येस त्यान्हं डोकं खास, त्यापेक्षा लिखत बस." बायकोचा हुकूम, म्हणून सुरुवात करतो.

तर मी शकील पिंजारी. शिक्षण दहावी, मराठी शाळा, निबंधाला वर्गात पहिला. लोणखेडा फाट्यावर सीट कव्हरचं दुकान. आजोबा कापूस पिंजून गाद्या भरायचे, मी मोटरसायकलच्या गाद्या भरतो. गिऱ्हाईक सगळी कॉलेजची पोरं, त्यामुळे फॅशन सांभाळावी लागते.

आज वेगळं काम झालं. दलसिंगदादा आला होता. हा डोंगरातल्या काठी गावाजवळच्या पाड्यावरचा. दर पावसाळ्यात बायको रुखमाबाईला घेऊन खाली उतरतो, इथल्या एका मळ्यात झोपडी करून राहतो आणि लोकांच्या शेतात फवारणी करतो. दिवसभर भरलेला पंप पाठीवर वागवतो आणि संध्याकाळी माझ्या दुकानापुढे उभ्या उभ्या नाचाची गिरकी मारून दाखवतो. काठीच्या होळीला घुंगरू बांधून नाचणाऱ्यांत तो असतो. मला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, म्हणून असल्या माणसाचं मला फार कौतुक. घरी तो त्यांची पावरी बोलतो, माझ्याशी अहिराणी. त्याच्या बोलण्यात 'तुम्ही' नाहीच, कलेक्टर आला तरी त्याला तू म्हणेल.

म्हणाला, "शकीलभाई, हाऊ पंप मन्ही पाठ खाई ऱ्हायना."

शर्ट वर केला तर दोन्ही खांद्यांच्या मध्ये सालटं निघालेलं. मी म्हटलं, बस. बुलेटच्या सीटचा उरलेला फोम घेतला, बारा इंच बाय नऊ इंच कापला, पंपाच्या बाजूला रेक्झिन लावलं आणि पाठीच्या बाजूला सुती कापड. रेक्झिनने पाठ घामेजते, सुती कापड घाम टिपतं. हे डोकं माझं, कुणाचं बघून केलेलं नाही. चारही कोपरे गोल केले आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात दुमड देऊन शिलाई संपवली. दलसिंगदादाने पंप चढवला, दुकानाला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आते हाऊ पंप नही, पोऱ्या शे खांदावर."

इतकी दाद मला बुलेटवाल्यांनी कधी दिली नाही.

११ ऑगस्ट

गादीचं नाव झालं. दादाच्या पाड्यावरचे नऊ जण, जे खाली फवारणीला आलेत, ते सगळे घेऊन गेले. शिवाय रनाळ्याचा एक जण. दादाची धरून अकरा झाल्या. दोन नमुने दुकानापुढे टांगले आणि पाटी रंगवून घेतली, 'फवारणी पंपाची गादी मिळेल'. खातून म्हणते, आता बोर्डावर फोटोपण लाव स्वतःचा. जळते.

२५ ऑगस्ट

दादाची गादी उसवली होती म्हणून दुरुस्तीला आली. फोम पिळला तर पाणी निघालं. दादा म्हणतो घाम. बिचारा किती राबतो बघा. झाकणातून पंप थोडा गळतो, पण गादीमुळे ते पाणी खाली ओघळत नाही, तिथल्या तिथे टिपलं जातं. म्हणजे दुहेरी फायदा.

शिलाई उसवायला खातूनला बसवलं. अर्ध्या तासाने तिला मळमळायला लागलं, डोकं धरून बसली, डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "हाऊ घामना वास नही शे." हिला नेहमीच कसले ना कसले वास येतात. लग्नानंतर वर्षभर माझ्या फेव्हिकॉलचा यायचा. साबणाने चार वेळा हात धुतले आणि उरलेली शिलाई मला करावी लागली.

१२ सप्टेंबर

दलसिंगदादा काल कापसात पडला.

रुखमाबाई सांगत होती. ती विहिरीवरून पाण्याचे हंडे आणत होती. पाहते तर तो बांधावर बसलेला, अंगाला धारा, तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. तिने मालकाची वाट पाहिली नाही. त्याचे कपडे ओरबाडून काढले, हंडाभर पाणी ओतलं, मोटरसायकलवाल्या एकाला थांबवून त्याला मध्ये बसवलं, मागे स्वतः बसली आणि सरकारी दवाखाना गाठला. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. मला तिथे काही सुचलं नसतं, मी नुसता ओरडत बसलो असतो.

१७ सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन आलो. दादा उठून बसला होता, घसा बसलेला, पण हसतोय. डॉक्टर म्हणाले विष उतरलं, उद्या सुट्टी. मी खूष. रुखमाबाईला विचारलं, कपडे, पंप सगळं आहे ना? ती म्हणाली, "कपडा जमीनमा पुरी टाकात. गादी बी." आणि दादाची चादर सारखी करायला लागली.

मी म्हटलं गादीची काळजी कसली करता, मी जिवंत आहे ना. रात्री बसून नवीन शिवली, यावेळी फोम दुप्पट जाडीचा.

१९ सप्टेंबर

नवीन गादी झोपडीवर नेऊन दिली. दादाने दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवून पाहिली. मग म्हणाला, "गंज मेहनत कयी तू." डोळे भरले होते त्याचे. माझेही भरले. गरीब माणसाला छोटी गोष्ट किती लागून जाते.

२ ऑक्टोबर

दादा चालत दुकानात आला. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणत होता. अशक्तपणा असेल, म्हटलं गूळ-शेंगदाणे खा. उजव्या पायातली चप्पल सारखी निसटते म्हणून पट्टा आवळून मागितला. आवळून दिला.

५ ऑक्टोबर

पुन्हा तीच तक्रार. चप्पल रस्त्यात मागे राहते आणि चार पावलं गेल्यावर त्याला कळतं. पट्ट्याला आणखी एक टाका घातला. आता डावीपण निसटते म्हणे. चप्पलवाल्या कंपनीला चार शब्द सुनावले, अर्थात दुकानात बसूनच.

९ ऑक्टोबर

मी किती मूर्ख आहे ते इथे लिहून ठेवतो.

दादा आज तिसऱ्यांदा आला. चप्पल हातात. मी पट्टा ओढून पाहिला, माझी शिलाई घट्ट होती. मग त्याच्या पायाकडे पाहिलं. चालताना पंजा वर येतच नव्हता. गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल थपकन खाली टाकायचा. ज्या पायाची गिरकी पाहायला मी दुकान सोडून रस्त्यावर यायचो, तो पाय. दोष चपलेत नव्हताच.

दुकान बंद केलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या गायत्री मॅडम आहेत, वयाने लहान, बोलायला स्पष्ट. त्यांनी पायाला कापूस लावला, पिन लावली, हातोडीने ठोकलं. मग म्हणाल्या, "काही औषधांचं असं असतं. पहिला झटका उतरतो, माणूस घरी जातो, आणि दोन-तीन आठवड्यांनी लांबच्या नसा कामातून जातात. आधी पावलं, मग हात. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. व्यायाम, आधार आणि वेळ. पुष्कळसं परत येतं. सगळं येईलच असं मी सांगणार नाही."

मी विचारलं, पण मॅडम, याने काही प्यायलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "प्यावं लागत नाही. कातडीतून जातं. ओलं काही अंगाला तासन्‌तास लागून राहिलं की पुरे."

मी म्हटलं, शर्ट ओला होत असणार. तरी बरं, मी गादीला सुती कापड लावलं होतं, नाहीतर आणखी भिजला असता. मॅडमना ऐकू गेलं नसावं, त्या लिहीत होत्या. दादा खिडकीबाहेर पाहत होता.

२१ ऑक्टोबर

आता दोन्ही पावलं लुळी. हातांची पकडही गेली, शर्टाचं बटण लागत नाही. रुखमाबाई लावते तर चिडतो. मला म्हणाला, "होळीले मन्हा पाचवा साल शे, शकीलभाई." त्याचा पाच होळ्यांचा नवस आहे. मुलगी रविना दोन महिन्यांची असताना तापाने हातची जाणार होती, तेव्हा बोललेला. चार होळ्या झाल्या. पाचवी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून पाच. मी म्हटलं, देव समजून घेईल. तो म्हणाला, देवाने समजून घेतलं म्हणूनच तर पोर जगली, आता पुन्हा त्यालाच समजून घ्यायला लावू का?

 

६ नोव्हेंबर

दादा पाड्यावर आठ दिवस राहून आला. एस.टी.ने मोलगीपर्यंत, पुढे जीपने, काठीच्या आधाराने. या पायांनी डोंगरात कशाला जायचं? मी रागावलो. तर म्हणतो, "काम व्हतं." कसलं काम ते सांगत नाही. पायाला फोड घेऊन आला. तळव्याला काही कळत नाही, त्यामुळे खडा रुतला तरी चालत राहतो.

इकडे धंद्यात कुणीतरी माझ्या वाईटावर आहे. डोंगरातली माणसं सीट कव्हरला येतात, पण गादीचं नावही काढत नाहीत. मी विषय काढला की खाली बघतात. कुणीतरी मालाची बदनामी केली असणार. त्यात नमुन्याच्या दोन गाद्या गायब. खातून म्हणते उंदरांनी कुरतडल्या म्हणून टाकल्या. नऊ वर्षं दुकान आहे, उंदीर आत्ताच कसे आले? पाटीपण पावसाने पडली म्हणे. पाऊस कुठे होता?

१९ जानेवारी २०२५

जुन्याच डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. शेठने यंदा डायरी दिली नाही.

आज मळ्यात गेलो. केळीला टेकू देतात ते बांबू रुखमाबाईने झोपडीपुढे दोन रांगांत आडवे बांधलेत, कमरेएवढ्या उंचीवर. मध्ये दादा चालतो. गायत्री मॅडमनी दिलेली प्लॅस्टिकची पट्टी पोटरीपासून तळव्यापर्यंत दोन्ही बुटांत बसते, त्याने पंजा खाली पडत नाही. मॅडमनी सांगितलेल्या वीस फेऱ्या. तो चाळीस मारतो. रुखमाबाई बाहेर बसून पत्र्याच्या डब्यावर ठेका धरते. ठेका चुकला तर तो थांबतो आणि ती फेरी धरत नाही.

हातांसाठी ओल्या मातीचे गोळे. आधी मूठ वळत नव्हती, आता मातीवर बोटं उमटतात. त्याने ते वाळवून ओळीने मांडलेत, पहिल्यापासून आजपर्यंत. पहिल्या गोळ्यावर काहीच नाही. शेवटच्यावर पाचही बोटं.

मी घरी येऊन खातूनला म्हणालो, अशी माणसं बघितली की आपली लाज वाटते. ती एवढंच म्हणाली, "तू त्यान्हाकडे जात ऱ्हाय."

२० फेब्रुवारी

पेच आला. होळी तेरा मार्चला. नवसाची पाळणी पंधरा दिवस आधीपासून. खाटेवर बसायचं नाही, बाईचा स्पर्श नाही, आपलं आपण शिजवायचं, आणि पायात काही घालायचं नाही. म्हणजे बूट नाही. बूट नाही म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी नाही. पट्टी नाही तर दादा दहा पावलांत तोंडावर पडेल.

गायत्री मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, "नवसाला माझी हरकत नाही, निखाऱ्याला आहे. तळव्याला कळत नाही, पाय भाजला तरी याला समजणार नाही." दादा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मॅडम, तू पट्टी बिगर जोडानी दे."

मॅडम म्हणाल्या तशी येत नाही. आणि मी, तोंडाचा फाटका, बोलून गेलो की मी करतो.

२६ फेब्रुवारी

चार रात्री झोप नाही. कारच्या सीटबेल्टचा पट्टा घेतला, गुडघ्याखाली कफ केला, त्याला टायरट्यूबच्या दोन पट्ट्या जोडल्या आणि पंज्याला फासा, दोन्ही पायांना तसंच. ट्यूब पंजा वर ओढते. झकास. पण फासा तळव्याखालून जातो, मग ते जोडं झालं की नाही? पाड्यावरचे वीरसिंगबाबा, जे पाळणीचं सगळं बघतात, ते खाली आले होते. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. चिलीम भरली, ओढली, आणि म्हणाले, "जमीनले लागी ते जोडं. नही लागी तं नही."

म्हणजे माझी परीक्षा. तळवा जिथे खोलगट असतो तिथूनच फासा न्यायचा, बोटभर रुंदीचा, आणि तो जमिनीला टेकता कामा नये.

२ मार्च

पहिला रोजा. दुपारी मळ्यात. आठव्या पट्ट्याची परीक्षा. फाशाला खालून ओली गेरू लावली, जमिनीवर पांढरं कापड अंथरलं. दादा वीस पावलं चालला. वीरसिंगबाबा गुडघ्यांवर बसून कापड पाहत गेले. टाचेची धूळ होती, बोटांची होती. लाल एक ठिपका नाही. बाबांनी मान हलवली.

रुखमाबाई लांब उभी राहून बघत होती, पाळणीमुळे जवळ येता येत नाही. तिने पदराने तोंड झाकलं. दादा म्हणाला, "घुंगरू बी याले बांधी दे." एक अडचण राहिली. त्याच्या बोटांना अजून गाठ मारता येत नाही, आणि बायकोने हात लावायचा नाही. पट्टा बांधायला मीच काठीला जाणार. पाड्यावर माणसं आहेत, पण दादा म्हणाला, "जो शिवस तोच बांधी."

मला इतका मान आयुष्यात कुणी दिला नाही.

१४ मार्च, मोलगी

बसस्टँडवर बसून लिहितोय. रोजा आहे, घसा कोरडा, पण आत्ता लिहिलं नाही तर मी हे उद्या गोड करून लिहीन.

काल संध्याकाळी पोहोचलो. माणसांचा पूर, मोरपिसांचे टोप, कमरेला दुधीभोपळे, ढोल तर छातीत वाजत होते. पहाटे रुखमाबाईने सहरीला भाकर, उडदाची डाळ आणि पाणी आणून ठेवलं. तिला माझी वेळ कुणी सांगितली कुणास ठाऊक. मग मी दादाकडे गेलो. तो जमिनीवर बसला होता, उघडा, माझ्याकडे पाठ करून. वीरसिंगबाबा कंदिलाच्या उजेडात त्याच्या अंगावर तांदळाच्या पिठाचे ठिपके देत होते.

मी पाठीकडे पाहिलं.

मधोमध एक काळपट चौकोन होता. आजूबाजूची कातडी वेगळी, आतली वेगळी. कोपरे गोल. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक दुमड, जिथे मी शिलाई संपवतो. मी वीत लावली नाही. लावायची गरज नव्हती. बारा बाय नऊ.

गादी पिळली तेव्हा निघालेलं पाणी आठवलं. खातूनच्या डोळ्यांतलं पाणी. "ओलं काही अंगाला लागून राहिलं की पुरे." आणि दुप्पट जाड फोमची नवी गादी, जी मी त्याच्या मांडीवर नेऊन ठेवली होती. मी बनवली ती गादी नव्हतीच, त्याच्या पाठीला दिवसभर बांधून ठेवलेला विषाचा बोळा होता.

"दादा, हाई..."

"बांध," तो म्हणाला. मागे वळला नाही.

"मन्ही गादी..."

"पहिले बांध. ढोल वाजी ऱ्हायना."

मी त्याच्या पायाशी बसलो. माझे हात असे कापत होते की दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा बाबांनी माझं मनगट धरलं, तेव्हा बसली. मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, दवाखान्यातच. नर्सने पाठ धुतली तेव्हा डॉक्टर बोलले होते.

"मंग माले सांगं काबर नही?"

तो माझ्या हातांकडे बघत होता. "सांगतू तं तुन्हा हात असाच थरथरता. मंग मन्हा पट्टा कोन शिवता?"

मी म्हटलं, राग नाही आला? "उना. गंज उना," तो म्हणाला. "दिवाईपावत व्हता." म्हणजे दिवाळीपर्यंत.

वीरसिंगबाबांनी पिठाचा हात धोतराला पुसला आणि बाकीचं सांगितलं. दिवाळीत दादा काठी टेकत पाड्यावर घराघरात फिरला, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर, आठ दिवस. नऊ गाद्या गोळा केल्या. लोकांनी विचारलं तर सांगायचा, फोम खराब लागलाय. माझं नाव कुठे काढलं नाही. बांधापलीकडे खड्डा करून पुरल्या. नऊ जुन्या आणि एक नवी कोरी. आणि मी तेव्हा इथे लिहीत होतो की कुणीतरी माझ्या वाईटावर आहे.

होळी पेटली तेव्हा उजाडायला आलं होतं. दादा उठला. पहिल्या पावलाला पंजा वर आला. गुडघा अजून उंच उचलतो, गिरकी पूर्वीची नाही, एकदा तोल गेला तर बाजूच्याने खांदा दिला. पण पायातले घुंगरू ठेक्यावर वाजत होते. फेरीच्या बाहेरून रुखमाबाई पळसाची डहाळी घेऊन वाकून चालत होती, त्याच्या पुढे दोन पावलं. उडालेला प्रत्येक निखारा ती डहाळीने बाजूला सारत होती. त्याला हात लावायचा नाही, म्हणून त्याची जमीन झाडत होती. पाच फेऱ्या. मी मोजल्या आणि रडलो. लोकांना वाटलं धुराने.

१५ मार्च

खातूनला सांगितलं. म्हणाली, तिला ऑगस्टपासून शंका होती, नोव्हेंबरात खात्री झाली. नमुने तिनेच पुरले, पाटी तिनेच उतरवली. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "रुखमाबाई नको म्हणे," म्हणाली. "पाय उचलू दे म्हणे आधी."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, डायरी लिहिणारा सोडून. निबंधात पहिला आलेला.

गायत्री मॅडमकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एक कागद काढला आणि दोघांनी मिळून लिहिलं: गळका पंप पाठीला लावू नका, पाठीमागे कापड, फोम, गोणपाट काही घालू नका, कपडे ओले झाले की लगेच काढून साबणाने अंग धुवा, नंतर पंधरा-वीस दिवसांनी चप्पल निसटू लागली तर दवाखान्यात या. शेवटची ओळ माझी. मॅडम म्हणाल्या, ही पुस्तकात नाही, पण राहू दे.

जिथे गादीची पाटी होती तिथे हा कागद लावला.

६ एप्रिल

ईद झाली. एक गादी उरली होती, रनाळ्याची. दादा तिथवर पोहोचू शकला नव्हता.

आज गेलो. माणूस शेतातच भेटला, मिरचीत. पंप बांधावर, गादी पंपाला. मी मागितली तर देईना, म्हणतो फार आराम आहे, दुसरी असेल तर दे. मला खोटं सांगता आलं असतं, दादासारखं, फोम खराब लागलाय म्हणून. त्याचं खोटं त्याला शोभतं. मी म्हटलं, "हाई मी शिवेल शे. यान्हामुये एक माणूसना पाय गयात. तू शर्ट काढ."

पाठ लाल होती, पण चौकोन अजून उमटला नव्हता. पायाची बोटं वर करून दाखव म्हटलं. त्याने केली. मी तिथेच बांधावर बसून राहिलो, तर त्यानेच मला पाणी दिलं. त्याला सोबत घेऊन दवाखान्यात दाखवलं, मॅडम म्हणाल्या महिनाभर लक्ष ठेवू.

परत आलो तेव्हा दादा दुकानात बसला होता. पाळणी संपली, पायात चपला. मी अकरावी गादी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली त्याच्यापुढे ठेवली. त्याने बोटाने ढकलून पाहिली आणि म्हणाला, "आते पुरं व्हयनं." मग नेहमीसारखा निघाला. मी दारात उभा राहून पाय पाहत होतो.

उजवी चप्पल पायरीवर निसटली. तो थांबला, आणि पहिल्याच पावलाला थांबला, म्हणजे त्याला कळलं होतं. अंगठा टेकवत टेकवत त्याने ती परत पायात घातली. डावी निसटली नाही.